कल्ले माशाचे, नसा आपल्या

गेल्या पावसाळ्यात तासगावकडच्या एक वहिनी क्लिनिकला आल्या, पदरानं अर्धं तोंड झाकलेलं, बरोबर सासूबाई आणि दीर. बोलायला सासूबाईच लागल्या, "आवो डाक्टर, तोंडावरनं वारं गेलंय बघा हिच्या, चार दिस झालं." आता मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत विश्रामबागला छोटं क्लिनिक आहे, पण आपल्याकडं मशीन लावणारा माणूस म्हणजे डॉक्टरच. चार दिवसांत जायफळ उगाळून लावून झालं होतं, कुणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं म्हणून कबुतराचा पण शोध घेऊन झाला होता.

वहिनींना म्हटलं कपाळाला आठ्या पाडा, तर डावीकडं आठ्या आणि उजवीकडं कपाळ एकदम सपाट. डोळे मिटा म्हटलं तर उजवा उघडाच. म्हणजे हा मेंदूतला झटका नव्हता, त्यात बहुतेक वेळा कपाळ वाचतं, ही मेंदूतनं चेहऱ्याला येणारी सातवी नस बसली होती, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. मग वहिनी हळूच म्हणाल्या की ह्या कानात कुकरची शिट्टी सुरी घातल्यागत लागतीय, आणि आमटीत मीठ टाकलंय का नाही तेच कळंना झालंय. कानाचं दीरानं वेगळं मनावर घेतलं होतं, मेडिकलमधनं ड्रॉप आणून घातले होते. चवीचं "तोंड आलं असंल" म्हणून सोडून दिलं होतं. म्हणजे घरात तीन आजार चालू होते, नस मात्र एकच होती. त्यांना आधी डॉक्टरकडं पाठवलं, कारण ह्यात स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत चालू झाल्या तर जास्त उपयोग होतो, आणि ते ७२ तास जायफळात गेले होते.

त्या दिवशी माझा भाचा क्लिनिकमध्येच बसला होता, बारावी सायन्स, नीटचा क्लास. मी त्याला सहज विचारलं, सातवी नस काय काय करते रे? त्यानं आधी बाराच्या बारा नसा 'ऑन ओल्ड ऑलिंपस' ह्या नावं लक्षात ठेवायच्या इंग्रजी ओळीच्या चालीवर एका दमात म्हणून दाखवल्या, मग सातवी फेशियल, मिक्स्ड, अमुक फांदी तमुक फांदी, एक अक्षर चुकलं नाही. मग विचारलं, चेहरा हलवणारी नस जिभेची चव कशाला घेते, आणि कानाच्या आत काय करते? तर म्हणाला, "मामा, तसं असतंच. पाठ करायचं असतं."

ह्या "तसं असतंच" वर मला बोलायचंय.

२०२२ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या सायन्सच्या पुस्तकातनं उत्क्रांतीचा भाग काढला, 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' ह्या धड्यातली फक्त आनुवंशिकता राहिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याची बोंब झाली, १८०० च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून पत्र काढलं. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे एकेकाळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते, ते औरंगाबादला येऊन म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी बघितलंय का. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र येऊन त्याचा खुलासा काढावा लागला होता. आपल्या राज्याच्या बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात तो धडा आहे, भाग दोनमधला पहिलाच आहे, त्याबद्दल बोर्डाचं कौतुक. धडा काढणं चूकच होतं, ह्यात मला काही शंका नाही. बारावीच्या बायोलॉजीत आहे की, असं काहीजण म्हणतात, पण बायोलॉजी न घेणारं पोरगं मग आयुष्यात उत्क्रांती वाचणारच नाही.

पण माझं खरं भांडण ह्या धडा वाचवणाऱ्या आपल्याच लोकांशी आहे. धडा वाचवून काय मिळालं? जिथं धडा आहे तिथं तो कसा शिकवतात ते बघा. घोड्याचं खूर, आर्किऑप्टेरिक्स, अपेंडिक्स आणि अक्कलदाढ, माकड ते माणूस अशी रांगेतली चित्रं, दोन टिपा लिहा आणि संपलं. आणि शरीररचना वेगळ्या धड्यात, तिथं उत्क्रांतीचं नावसुद्धा नाही. म्हणजे कारण एका खोलीत कुलूप लावून ठेवलंय आणि परिणाम दुसऱ्या खोलीत पाठ करायला दिलाय. माझं म्हणणं असं की उत्क्रांती हा वेगळा धडा म्हणून ठेवायची लढाई आपण जिंकलो तरी अर्धी हरलेलीच आहे, ती शरीराच्या प्रत्येक धड्याच्या आत घालायला पाहिजे, आणि त्याला मेंदूतनं निघणाऱ्या ह्या बारा नसांपेक्षा, पुस्तकी मराठीत ज्यांना कर्पर चेता म्हणतात, चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढच्या रविवारी भाच्याला मासे आणायला बरोबर घेऊन गेलो. मासे घेताना आपण सगळेच काय करतो, कल्ला उचलून बघतो, लाल आहे का काळपट पडलाय. मराठीत गंमत अशी की कल्ले माशाचे पण असतात आणि माणसाच्या गालावरचे केस पण कल्लेच. शब्द कसा आला ते भाषावाल्यांनी बघावं, पण शरीराच्या हिशेबानं जागा बरोबर बसते.

दीड किलोचा कटला घेतला आणि डोकं तोडू नको म्हणून सांगितलं. घरी ओट्यावर ठेवून कल्ल्याचं झाकण उघडून दाखवलं, आत एकामागं एक कमानी असतात. माशाच्या पूर्वजांमध्ये तोंडामागं अशा कमानींची एक रांगच होती, प्रत्येक कमानीला स्वतःचं एक हाड किंवा कूर्चा, स्वतःचे स्नायू, स्वतःची रक्तवाहिनी आणि स्वतःची एक नस. आपल्या गावात वार्डावार्डाला वायरमन असतो ना, तसं. सगळ्यात पुढच्या कमानीचा जबडा झाला, तिची नस म्हणजे आपली पाचवी. दुसऱ्या कमानीची सातवी. तिसरीची नववी. त्यामागच्या राहिलेल्या सगळ्या कमानींचा चार्ज दहाव्या नसेकडं, व्हेगसकडं. शार्क घ्या, कटला घ्या, नाहीतर विश्रामबागचा फिजिओ घ्या, वाटणी हीच आहे. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात आपल्या पण मानेच्या जागी ह्या कमानी उमटतात आणि तेव्हाच कुठली नस कुठं जाणार ते ठरून जातं.

आता वहिनींच्या तिन्ही तक्रारी परत बघा. दुसऱ्या कमानीचे स्नायू कटल्यामध्ये कल्ल्याच्या झाकणाची उघडझाप करायला मदत करतात. सस्तन प्राण्यांमध्ये झाकण राहिलं नाही, तेच स्नायू पातळ होऊन कातडीखालनं चेहराभर पसरले, आणि पसरताना आपली वायर बरोबर घेऊन गेले. म्हणून हसू सातव्या नसेचं. दुसऱ्या कमानीच्या वरच्या टोकाचं हाड माशात जबड्याला आधार देतं, आपल्यात ते आक्रसून कानातलं रिकीब झालं, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. त्याला एक इवलासा स्नायू असतो, मोठा आवाज आला की हाड आवळून धरतो, आणि हाड दुसऱ्या कमानीचं म्हटल्यावर स्नायूची वायर पण सातवीच. ती बसली की आवळणारं कोण नाही, कुकरची शिट्टी थेट आत. आणि जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव घेणारी सातवीची फांदी चक्क कानाच्या पडद्यामागनं आडवी जाते, कारण मधला कान म्हणजे मुळात पहिल्या दोन कमानींच्या मधली फट आहे, बऱ्याच शार्कच्या डोळ्यामागं अजून ते भोक दिसतं. एकच वार्ड, एकच वायरमन, तो आजारी पडला की तिन्ही ठिकाणची लाईट गेली. भाचा म्हणाला, मग हे पाठ करायचं कशाला? मी पण तेच म्हणतोय.

कानातली दुसरी दोन हाडं, हातोडी आणि ऐरण, त्यांची कथा तर अजून भारी. १८३७ मध्ये कार्ल राइखर्ट नावाच्या जर्मन माणसानं गर्भांचा अभ्यास करून दाखवलं की ही दोन हाडं जबड्याच्या सांध्यातनं आलीत, सरड्या-सापांच्या जबड्यात जिथं बिजागरी असते तीच हाडं आपल्यात कानात जाऊन बसली. हे डार्विनच्या पुस्तकाच्या २२ वर्षं आधीचं आहे, म्हणजे डार्विनचं ऐकून केलेलं नाही. पण मला सगळ्यात पटतो तो नसेचा पुरावा. हातोडीला पण एक छोटा स्नायू आहे, तो पडदा ताणतो. त्याला वायर कुठनं येते? शेजारच्या रिकिबीच्या स्नायूसारखी सातवीतनं यायला काय हरकत होती, दोघांत अंतर किती, काही मिलिमीटर. पण येत नाही. ती येते पाचवीतनं, जी चावायच्या स्नायूंना जाते. का, तर हातोडी जबड्याची, आणि जबडा पहिल्या कमानीचा. हाड घर सोडून दुसरीकडं राहायला गेलं पण लाईटबिल अजून जुन्या पत्त्यावर येतंय.

मिरजेत थायरॉइडचं ऑपरेशन करणारे सर्जन ज्या नसेला जपतात तिचं पण असंच. व्हेगसची एक फांदी आवाजाच्या पेटीला जाते, पण सरळ जात नाही. मेंदूतनं निघून मानेतनं खाली छातीत उतरते, डावीकडची महाधमनीला वळसा घालते, उजवीकडची हाताकडं जाणाऱ्या धमनीला, आणि मग परत वर गळ्यात येते. जिराफात हा हेलपाटा चार मीटरपेक्षा जास्त होतो, आणि मेंदू ते गळा सरळ अंतर वीतभर सुद्धा नाही. कुठला इंजिनिअर असं वायरिंग करेल? माशात मात्र ह्यात काही वाकडं नाही. हृदय कल्ल्यांच्या जवळच असतं, प्रत्येक कमानीची रक्तवाहिनी आणि तिच्या मागनं जाणारी नस, सरळ रस्ता. पुढं मान लांब झाली, हृदय छातीत खाली सरकलं, रक्तवाहिनी खाली गेली आणि तिच्यामागं अडकलेली नस पण ओढली गेली. तोडून नव्यानं जोडायची सोय उत्क्रांतीत नाही, चालू गाडीतच दुरुस्ती करायची असते. ही नस दुखावली की आवाज बसतो, गायकाचा तर बाजारच उठतो, आणि मिरज म्हणजे एका बाजूला दवाखान्यांचं गाव आणि दुसऱ्या बाजूला अब्दुल करीम खाँसाहेबांचं. म्हणजे ह्या नसेची किंमत ह्या गावाला सांगायला नको. पण ती अशी वाकडी का जाते हे थायरॉइडचा पेशंट विचारतो तेव्हा "तसं असतंच" ह्याच्या पलीकडं उत्तर मिळत नाही.

बरं, ही "बारा" संख्या पण काही दगडावरची रेघ नाही. १६६४ मध्ये थॉमस विलिस ह्या इंग्रज डॉक्टरनं नऊ मोजल्या होत्या. १७७८ मध्ये सोमरिंग ह्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं बारा केल्या आणि तेच आपण अजून घोकतोय. पुढं १८७८ मध्ये फ्रिट्शला शार्कमध्ये अजून एक सापडली, पहिलीच्या पण पुढं, माणसात पण बारीकशी असते, आकडे तर सगळे वाटून झालेले, म्हणून तिला शून्य नंबर दिला. दुसरी नस, डोळ्याची, ती तर खरी नसच नाही, डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला फुगा आहे आणि ती त्याचा देठ. पाचवी मुळात दोन वेगळ्या नसा, काही माशांत अजून वेगळ्या आहेत. आणि माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेघ दिसते, कटल्यावर बोट फिरवून बघा, ती पाण्यातली हालचाल ओळखायची लाईन आहे, तिच्या नसा वेगळ्या असतात, त्या आपल्याकडं येता येता पूर्ण गळाल्या कारण हवेत त्यांचा उपयोग नाही. त्या लाईनमध्ये ज्या केसाळ पेशी असतात तसल्याच पेशी आपल्या आतल्या कानात अजून आहेत, ऐकायला आणि तोल सांभाळायला. चक्करचे पेशंट माझ्याकडं आठवड्याला चारदोन येतात, त्यांना मी हे सांगत बसत नाही, ते आधीच गरगरलेले असतात.

आणि बेडूक. अकरावीच्या एनसीईआरटीत सरळ लिहिलंय की बेडकाच्या मेंदूतनं १० जोड्या नसा निघतात. माणसात १२. भाच्याला दोन्ही आकडे पाठ, पण वरच्या दोन कुठनं आल्या? निदान बाराव्या, जीभ हलवणाऱ्या नसेचं उत्तर एकदम साधं आहे. ती मणक्याची नस होती. कवटीच्या मागच्या बाजूला मणक्यांकडचा काही भाग जोडला गेला, कवटीनं हद्दवाढ केली म्हणा, आणि हद्दीबाहेरची नस हद्दीत आली. जशी सांगली, मिरज आणि कुपवाडची एकच महापालिका झाली आणि गावं तिथंच राहून पत्ते बदलले.

आता मला माहितीय पहिला आक्षेप काय येणार, वेळ कुठाय. एका क्लासवाल्या सरांशी माझा ह्यावर चांगला अर्धा तास वाद झाला. ते म्हणाले नीटला १८० प्रश्न, त्यातले ९० बायोलॉजीचे, पोराला उत्तर पाहिजे, गोष्ट नको. त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही, पोरांचं आणि आईबापाच्या पैशाचं ओझं ते रोज बघतात. पण त्यांचा हिशेब कच्चा आहे. बारा नसा, प्रत्येकीचा प्रकार, प्रत्येकीच्या फांद्या, कुठला स्नायू कुणाचा, हे सुट्टं सुट्टं पाठ करायला वर्षभर उजळणी लागते आणि परीक्षेनंतर महिन्यात सगळं साफ. चार कमानी कळल्या की निम्मं आपोआप जागेवर बसतं. मी स्वतः कॉलेजात असताना ही यादी तीनदा पाठ केली आणि तीनदा विसरलो, कमानी कळल्या त्या पुढं पेशंट बघताना, आणि मग परत पाठ करायची वेळ आली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की उत्क्रांतीच्या नावाखाली गोष्टी रचता येतात, कशालाही काहीही कारण चिकटवता येतं. खरंय. ह्याच विषयात तसं झालंय. कवी गटे आणि ओकेन ह्यांना वाटायचं की कवटी म्हणजे फुगलेले मणकेच, फार सुंदर कल्पना, लोकांना पन्नास वर्षं आवडली, आणि १८५८ मध्ये हक्सलीनं गर्भातली कवटी कशी तयार होते ते दाखवून ती मोडून टाकली. हक्सली म्हणजे डार्विनचा सगळ्यात कट्टर वकील, त्यानंच. गर्भाला कल्ले असतात हे वाक्य पण चुकीचं आहे, जे आपल्याकडं वर्गात बिनधास्त सांगतात. गर्भाला कमानी असतात, कल्ले कधीच नसतात, आपला गर्भ कुठल्याही दिवशी मासा नसतो. हेकेल ह्या जर्मन जीवशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये भ्रूणांची चित्रं सारखी दिसावीत म्हणून हातचलाखी केली होती, त्याचं भांडवल विरोधक अजून करतात. आणि १९८३ मध्ये गॅन्स आणि नॉर्थकट ह्या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचं डोकं हे बरंचसं नवीन बांधकाम आहे, गर्भातल्या मज्जानलिकेच्या काठावरनं निघून भटकणाऱ्या पेशी आणि कातडीतले काही जाड ठिपके ह्यांच्यातनं उभं राहिलेलं, आणि नसांची बरीच गाठोडी त्यातनंच येतात. भारी कल्पना, पण नंतर समुद्रातल्या पिशवीसारख्या ट्युनिकेट प्राण्यांत तसल्या पेशींची पूर्वतयारी सापडली, तेव्हा "नवीन" ह्या शब्दाला जरा आवर घालावा लागला. मला तर हे सगळं पोरांना सांगण्यासारखंच वाटतं. पाठ केलेल्या यादीत चूक सापडायची सोय नसते. कमानींच्या म्हणण्यात आहे, उद्या एखाद्या सस्तन प्राण्यात रिकिबीच्या स्नायूला नववी नस जाताना सापडली तर मोठी पंचाईत होईल. अजून सापडलेली नाही.

देवाधर्माचा आक्षेप मी मुद्दाम शेवटी घेतोय कारण क्लिनिकमध्ये मला तो भेटतच नाही. सासूबाई आरेवाडीच्या बिरोबाला बोलून आल्या होत्या आणि रोज रिक्षानं सुनेला मशीनला पण आणत होत्या, त्यांच्या डोक्यात ह्या दोन्हीचं भांडण नव्हतं. भांडण व्यासपीठावर असतं. ह्याच मिरजेच्या मेडिकल कॉलेजातनं एमबीबीएस झालेले, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत फिरले की कार्यकारण विचारा, आणि २०१३ मध्ये त्यांचा खून झाला. आपण त्यांचे फोटो लावतो आणि वर्गात पोरगं "का" म्हणालं की "सिलॅबसमध्ये नाही" म्हणतो. उत्क्रांती शिकवली असती तर वहिनी चौथ्या दिवसाऐवजी पहिल्या दिवशी आल्या असत्या असली फेकाफेक मी करत नाही. पण तीन तक्रारी एका धाग्यात ओवून बघायची सवय कुठनं तरी लागावी लागते, आणि ती यादीतनं लागत नाही एवढं नक्की.

करायचं काय, तर फार मोठं काही नको. धडा परत आणा, आणायलाच पाहिजे. पण त्याच्याबरोबर चेतासंस्थेच्या धड्यात कमानींचं एक पान टाका. प्रॅक्टिकलला बेडूक कापायचे दिवस गेले, ते बरंच झालं, पण बाजारातल्या माशाचं डोकं कुणी अडवलेलं नाही, मासेवाल्याला सांगून ठेवलं तर डोकी स्वस्तात मिळतात, चार पोरांत एक पुरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेपर काढणाऱ्यांनी प्रश्न बदला, कारण प्रश्न बदलला की क्लास आठ दिवसांत बदलतो, सिलॅबस बदलून बदलत नाही.

वहिनी सव्वा महिना येत होत्या. चव आधी आली, एक दिवस दारातनंच म्हणाल्या की काल आमटी खारट झालती. मग पापणी मिटायला लागली, शेवटी ओठाचा कोपरा. भाचा त्या दिवशी पण होता. मी त्याला म्हटलं बघ, मी पेपर काढला तर असा प्रश्न टाकीन, एका बाईला कुकरची शिट्टी कानाला लागते, आमटीला चव नाही, उजवा डोळा मिटत नाही, तिन्हीचं कारण एकच असेल तर ते काय आणि एकच का? तो म्हणाला ऑप्शन द्या. दिले, पाचवी नस, सातवी नस, दहावी नस. म्हणाला, मामा चौथा?

सासूबाई बाकावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "वारं गेलं, असं लिव्हा की."